बॅटरी का उतरते? एका साध्या प्रश्नाचा इतिहास

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या लोकल गाड्या बंद झाल्या. ठाणे, डोंबिवली, कल्याण या गावांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. घरून मोटारसायकलने स्टेशन गाठायचे, ती स्टँडवर लावायची, संध्याकाळी परत घ्यायची, हा हजारो घरांचा नेम. तो नेम एका रात्रीत तुटला. मोटारसायकली इमारतीच्या आवारात, जिन्याखाली, पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या राहिल्या. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाली. सर्वसामान्य प्रवाशांना ठरावीक वेळात का होईना, पण प्रवासाची मुभा मिळायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडले.

दोन-तीन महिन्यांनी लोकांनी गाडीला चावी लावली तेव्हा अनेकांना एकच अनुभव आला. दिवा मिणमिणला, बटण दाबल्यावर ‘टक् टक्’ असा आवाज झाला आणि गाडी जागची हलली नाही. बॅटरी उतरली होती. यात नवल काही नव्हते. नवल पुढेच होते. काहींनी बॅटरी चार्ज करून घेतली आणि ती पुढे दोन वर्षे चालली. काहींची चार्ज केलेली बॅटरी आठवड्यात पुन्हा उतरली. काहींनी तर नवी कोरी बॅटरी बसवली आणि तीही महिन्याभरात बसली. लक्षण एकच, पण रोग एक नव्हता.

या लेखात आम्ही तो रोग ओळखायचा कसा, हे सांगणार आहोत. पण थोड्या लांबच्या वाटेने जाऊ, कारण बॅटरी का उतरते हा प्रश्न मोटारसायकलीहून पुष्कळ जुना आहे. गेल्या दीड-दोनशे वर्षांत तो निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या संदर्भांत विचारला आणि प्रत्येकाच्या वाट्याला उत्तराचा एकेक तुकडा आला. ते तुकडे क्रमाने मांडले की निदानाची पद्धत आपोआप हाती येते.

टाकी, पंप आणि नळ

आधी एक चित्र डोळ्यांपुढे आणू. आपल्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. पंप पाणी वर चढवतो, घरोघरच्या नळांतून ते खाली येते. एके दिवशी टाकी रिकामी सापडली तर सोसायटीचा सेक्रेटरी काय काय तपासेल? पहिले, टाकीला तडा गेला आहे का? दुसरे, पंप पाणी चढवतो आहे का? तिसरे, कोणाचा नळ रात्रभर उघडा राहिला का? आणि हे तिन्ही ठीक असेल तर चौथे, पाणी येते त्याहून वापर जास्त आहे का?

मोटारसायकलीत टाकी म्हणजे बॅटरी. पंप म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारे छोटे जनित्र आणि त्याच्या जोडीचा नियंत्रक. नळ म्हणजे दिवे, हॉर्न, सेल्फ आणि आजच्या गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. ही उपमा पूर्ण अचूक नाही. बॅटरीत वीज ‘भरलेली’ नसते, तिथे रासायनिक बदल साठलेला असतो. तरीही तपासणीचा क्रम ठरवायला ती उपयोगी पडते. मौजेची गोष्ट अशी की इतिहासातही टाकी आधी आली, पंप नंतर आला आणि नळ सर्वांत शेवटी वाढले.

टाकी: प्लांतेची शिशाची गुंडाळी

१८०० साली आलेस्सांद्रो व्होल्टाने तांबे किंवा चांदी, जस्त आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे यांची चळत रचून सतत वाहणारी विद्युतधारा मिळवली. पण व्होल्टाचा घट एकदा संपला की संपला. त्यात पुन्हा वीज घालून तो ताजा करण्याची सोय नव्हती.

ही सोय १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने केली. त्याने शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवल्या, त्यांची गुंडाळी केली आणि ती सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवली. या गुंडाळीतून एका दिशेने वीज सोडली की एका पत्र्यावर शिशाच्या डायऑक्साइडचा तपकिरी थर चढे. नंतर बाहेरची वीज काढून दोन्ही पत्रे तारेने जोडले की उलट दिशेने धारा वाही. आजच्या मोटारसायकलीतील नेहमीची बॅटरी ही या गुंडाळीचीच वंशज आहे.

प्लांतेपुढे एक अडचण होती. त्या काळी वापरण्याजोगे जनित्र नव्हते, म्हणून हा घट भरायचा तर दुसऱ्या घटांवर. म्हणजे टाकी तयार झाली, पण ती घागरीने भरावी लागे. शिवाय पत्र्यांवर पुरेसा थर चढायला पुनःपुन्हा चार्ज-डिस्चार्ज करत महिने जात. १८७१ साली झेनोब ग्रामचे जनित्र पुढे आले आणि पंपाची उणीव भरून निघाली. १८८१ च्या सुमारास कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापण्याची युक्ती काढली आणि महिन्यांचे काम थोडक्यात होऊ लागले.

फोरचे घट १८८१ मध्ये पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्याकडे पेटीत घालून पाठवण्यात आले. त्या पेटीत दहा लाख फूट-पाउंड एवढी ऊर्जा होती आणि त्या काळी या ‘विजेच्या पेटी’चा मोठा गाजावाजा झाला. हा आकडा आपल्या एककांत मांडून पाहू. दहा लाख फूट-पाउंड म्हणजे सुमारे साडेतेरा लाख जूल. मोटारसायकलीच्या १२ व्होल्ट, ५ अॅम्पिअर-तासांच्या बॅटरीत १२ × ५ × ३६०० म्हणजे २ लाख १६ हजार जूल मावतात. थॉमसनच्या पेटीत आजच्या सहा मोटारसायकलींची वीज होती! आणि एवढीच ऊर्जा जाळून मिळवायची तर आपल्या बॅटरीपुरते जेमतेम साडेसहा मिलिलिटर पेट्रोल पुरेल. आपली ‘टाकी’ किती लहान आहे, हे या हिशेबावरून ध्यानात यावे.

बॅटरी उतरते म्हणजे आत नेमके काय होते, हे १८८२ साली जॉन ग्लॅडस्टोन आणि आल्फ्रेड ट्राइब यांनी मांडले. वीज देताना एका प्लेटवरचे शिसे आणि दुसऱ्या प्लेटवरचे शिशाचे डायऑक्साइड, दोन्हींचे शिशाच्या सल्फेटमध्ये रूपांतर होते. त्यासाठी लागणारे सल्फेट आम्लातून घेतले जाते आणि पाणी तयार होते. म्हणून उतरलेल्या बॅटरीतील आम्ल पातळ झालेले असते. पूर्ण चार्ज असताना त्याचे विशिष्ट गुरुत्व १.२८ च्या आसपास असते, उतरल्यावर ते १.१२ च्या जवळ येते. बॅटरीवाल्याच्या दुकानात काचेच्या नळीत तरंगणारा हायड्रोमीटर असे, तो हेच मोजत असे.

या सिद्धांतातून निदानाचे पहिले सूत्र मिळते. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते, चार्ज करताना ते सहज पुन्हा शिसे आणि डायऑक्साइड बनते. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर त्या कणांचे मोठे, कठीण स्फटिक होतात आणि ते परत विरघळत नाहीत. टाकीत गाळ साचावा तशी तिची धारकता कायमची घटते. टाळेबंदीत जी बॅटरी अर्धी-मुर्धी भरलेली राहिली ती वाचली. जी पहिल्याच पंधरवड्यात उतरून तशीच तीन महिने पडली, ती चार्ज करूनही उठली नाही. दोन्ही गाड्या तितकेच दिवस उभ्या होत्या, तरी निकाल वेगळा लागला त्याचे कारण हे.

पंप: रेल्वेच्या डब्याखालचा धडा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. त्या गाड्यांच्या काळात रेल्वेच्या डब्यात विजेचा दिवा ही कल्पनाही नव्हती. १८८१ साली इंग्लंडमध्ये लंडन-ब्रायटन मार्गावरच्या एका डब्यात फोरच्या घटांवर विजेचे दिवे लावून पाहिले गेले. पण प्रत्येक फेरीनंतर घट उतरवून चार्ज करायचे, हे कसे परवडावे?

१८९० च्या दशकात इंग्लंडमधील जे. स्टोन कंपनीने यावर तोडगा काढला. डब्याच्या आसाला पट्टा लावून त्यावर जनित्र फिरवायचे आणि त्यातून डब्याखालच्या बॅटऱ्या भरत राहायच्या. चालत्या गाडीत दिवे जनित्रावर, उभ्या गाडीत बॅटरीवर. ही पद्धत भारतीय रेल्वेतही अनेक दशके चालली. पॅसेंजर गाडी स्टेशनात रखडली की डब्यातले दिवे हळूहळू पिवळे पडत आणि गाडीने वेग घेतला की पुन्हा उजळत, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल.

मोटारसायकलीची चार्जिंग यंत्रणा म्हणजे हाच डबा लहान केलेला आहे. म्हणून त्या काळच्या अभियंत्यांना पडलेल्या तीन प्रश्नांकडे नीट पाहू.

पहिला प्रश्न: गाडी हळू चालली तर जनित्राचा दाब बॅटरीपेक्षा कमी होतो. मग बॅटरीच उलट जनित्रात रिकामी होईल, त्याचे काय? स्टोनच्या यंत्रणेत गाडी मंदावली की जनित्राचा संबंध तोडणारा स्वयंचलित स्विच होता. मोटारसायकलीत हे काम डायोड करतात. ते धारेला एकाच दिशेने जाऊ देतात. डायोड बिघडला की बॅटरीची वीज मागच्या दाराने निघून जाते.

दुसरा प्रश्न: गाडी फार वेगात गेली तर बॅटरी जास्त चार्ज होऊन तिच्यातले पाणी उकळल्यासारखे उडून जाईल. स्टोनच्या रचनेत जनित्र असे टांगलेले असे की ठरावीक वेगानंतर पट्टा घसरू लागे आणि वीज वाढत नसे. मोटारसायकलीत हे काम नियंत्रक करतो. तो दाब साधारण साडेचौदा व्होल्टच्या पुढे जाऊ देत नाही.

तिसरा प्रश्न मोटारसायकलीचा स्वतःचा आहे. तिचे जनित्र प्रत्यावर्ती धारा देते आणि बॅटरीला दिष्ट धारा लागते. हाच प्रश्न कल्याणकरांच्या दाराशी फार मोठ्या प्रमाणावर सुटला होता. १९२० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वेचे विद्युतीकरण झाले, तेव्हा लोकलसाठी १५०० व्होल्ट दिष्ट दाब ठरला. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळ्याला स्वतःचे वीजगृह उभारले. तिथे तयार होई प्रत्यावर्ती वीज. मार्गावरच्या उपकेंद्रांत ती दिष्ट करून मग वरच्या तारेत सोडत. चोळ्याचे वीजगृह आता बंद झाले आहे आणि मध्य रेल्वेच्या या मार्गावर २०१५ पासून २५ हजार व्होल्ट प्रत्यावर्ती वीज वापरली जाते. पण जे काम उपकेंद्राच्या इमारतीतील अवजड यंत्रे करत, तेच मोटारसायकलीत सीटखालचा मुठीएवढा डबा करतो. त्यालाच गॅरेजात ‘रेक्टिफायर’ किंवा ‘आर.आर.’ म्हणतात.

नळ: वाढत गेलेले काम

आता आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांकडे येऊ. भांडुपच्या कारखान्यात तयार होणाऱ्या लॅम्ब्रेटा आणि पुण्याच्या बजाज स्कूटर एके काळी या पट्ट्यातल्या रस्त्यांवर भरपूर दिसत. त्यांच्या इंजिनातल्या मॅग्नेटोवरच ठिणगी पडे आणि दिवेही लागत. काही नमुन्यांत तर बॅटरीच नव्हती. इंजिनाचा वेग वाढला की दिवा उजळे, सिग्नलला थांबले की मंद होई. बुलेट आणि जावा यांना सहा व्होल्टची बॅटरी असे. बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर छोटा अॅमीटर बसवलेला असे. काटा एका बाजूला झुकला की बॅटरी भरते आहे, दुसऱ्या बाजूला झुकला की उतरते आहे, हे चालवणाऱ्याला चालता चालता कळे.

१९८० च्या दशकात शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या मोटारसायकली आल्या. त्यांची बॅटरी हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा एवढीच कामे करी. बॅटरी उतरली तर हॉर्न वाजायचा नाही, पण किक मारली की गाडी सुरू. त्याच दशकात कायनेटिक होंडाने बटणाने स्कूटर सुरू करण्याची सवय लावली आणि २००० नंतर मोटारसायकलींतही सेल्फ सर्रास झाला. मोटारींना तो १९१२ सालीच मिळाला होता. चार्ल्स केटरिंगची ती रचना प्रथम कॅडिलॅक मोटारीत बसवली गेली. सेल्फ हा सर्वांत मोठा नळ. तो काही सेकंदच उघडतो, पण तेवढ्यात पन्नासेक अॅम्पिअर धारा ओढतो.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत कायम लागलेला राहू लागला. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच, पण एक नळ कायमचा उघडा झाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. तिचा पंप आणि संगणक विजेवर चालतो. अनेक गाड्यांची किकही गेली. अशा गाडीची बॅटरी पूर्ण उतरली तर ती ढकलूनही सुरू होत नाही.

आणि नेमक्या याच काळात निदानाची जुनी साधने नाहीशी झाली. बुलेटवरचा अॅमीटर बहुतेक गाड्यांना कधी नव्हताच. बॅटरी सीलबंद झाली, तिला टोपणे नाहीत, त्यामुळे हायड्रोमीटर घालता येत नाही. अवलंबन वाढले आणि आत डोकावण्याच्या खिडक्या बुजल्या. परिणामी ‘बॅटरी गेली, नवी टाका’ हे एकच निदान उरले. सुदैवाने एक साधन स्वस्त झाले आहे. ब्रिटिश टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकडी या अभियंत्याने १९२३ साली अॅम्पिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारे यंत्र आणले. त्याचा आजचा अवतार, म्हणजे मल्टिमीटर, आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत असतोच.

चार मापने

आता सेक्रेटरीचे चार प्रश्न मल्टिमीटरने विचारू.

पहिले माप टाकीचे. बॅटरी पूर्ण चार्ज करावी, गाडीपासून सोडवावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. तिच्यात सहा घट असतात, प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे एकूण १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, ११.८ म्हणजे उतरलेलीच. काहीही न जोडता रात्रीत दाब बराच घसरला, तर दोष बॅटरीतच आहे. दाब चांगला दिसला म्हणून मात्र बॅटरी निर्दोष ठरत नाही. ती गाडीला जोडून सेल्फ मारताना दाब पाहावा. तो दहा व्होल्टच्या बराच खाली कोसळत असेल तर टाकीत गाळ आहे.

याच वेळी जोडण्याही तपासाव्यात. खाडीकाठच्या दमट हवेत बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचते. तिचा रोध अवघा ०.०२ ओहम धरला तरी ओहमच्या नियमाप्रमाणे ५० अॅम्पिअरला १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. २६ जुलै २००५ च्या पुरासारख्या प्रसंगी जी गाडी पाण्यात उभी राहते, तिच्या वायरींच्या जोडांत ही भुकटी आतून धरते आणि बाहेरून दिसत नाही.

दुसरे माप पंपाचे. इंजिन चालू करून वेग मध्यम ठेवावा आणि बॅटरीच्या टोकांवर दाब पाहावा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असेल तर पंप ठीक आहे. इंजिनाचा वेग वाढवूनही तेरा व्होल्टच्या खालीच राहिला तर जनित्र, रेक्टिफायर किंवा मधली वायर यांत दोष आहे. पंधराच्या वर गेला तर नियंत्रक बिघडला आहे. तो नवी बॅटरीही काही आठवड्यांत मारील. नवी बॅटरी महिन्यात बसण्यामागे हे एक कारण असू शकते.

तिसरे माप गळतीचे. चावी बंद ठेवून बॅटरीची ऋण वायर सोडवावी आणि वायर व बॅटरी यांच्यामध्ये मल्टिमीटर अॅम्पिअरवर लावावा. सुरुवातीला मोठ्या पल्ल्यावर, मग मिलिअॅम्पिअरवर. मीटर असा जोडलेला असताना सेल्फचे बटण चुकूनही दाबू नये, मीटर जळेल. एक-दोन मिलिअॅम्पिअर धारा क्षम्य आहे. घड्याळ, संगणक यांना तेवढी लागते. पण समजा ५० मिलिअॅम्पिअर दिसली. ५ अॅम्पिअर-तास भागिले ०.०५ अॅम्पिअर म्हणजे १०० तास. चार दिवसांत बॅटरी रिकामी! हीच गळती २ मिलिअॅम्पिअर असती तर २५०० तास, म्हणजे साडेतीन महिने लागले असते. टाळेबंदीत कोणाची बॅटरी चार दिवसांत बसली आणि कोणाची पावसाळ्यापर्यंत टिकली, याचे कोडे या एका भागाकारात सुटते. गळती सापडली की फ्यूज आणि जोड एकेक करून काढावेत. ज्याने धारा थांबते तिथे चोर आहे. बहुतेकदा तो नंतर बसवलेला जादा हॉर्न, धोक्याची घंटा किंवा मोबाइल चार्जर असतो, नाहीतर बिघडलेला डायोड.

गळती शून्य असली तरी बॅटरी आतल्या आत थोडी उतरतच असते. नेहमीच्या तापमानाला महिन्याला सुमारे ३ ते ५ टक्के, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमधली मे महिन्यातली दुपार आठवावी.

चौथा प्रश्न: स्टेशनपर्यंतचा हिशेब

तिन्ही मापने ठीक आली आणि तरी बॅटरी उतरते, तेव्हा काय? हा चौथा प्रकार ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या प्रवाशाचा खास आहे. त्याला दुखणे म्हणता येत नाही, तो जमाखर्च आहे.

समजा घर ते डोंबिवली स्टेशन दोन किलोमीटर, आठ मिनिटांचे अंतर. जाताना-येताना प्रत्येकी एकदा सुरुवातीला आणि एकदा वाटेतल्या कोंडीत, असा दिवसातून चार वेळा सेल्फ मारला. ५० अॅम्पिअर, ३ सेकंद, म्हणजे १५० कूलोम, म्हणजे सुमारे ०.०४ अॅम्पिअर-तास. चार वेळचे ०.१६. आता जमा पाहू. रांगत्या रहदारीत इंजिन मंद चालते आणि हेडलाइट कायम लागलेला, त्यामुळे बॅटरीच्या वाट्याला समजा ०.३ अॅम्पिअर येतात. दोन्ही फेऱ्यांची मिळून सोळा मिनिटे, म्हणजे ०.०८ अॅम्पिअर-तास. रोजची तूट ०.०८. पाच अॅम्पिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात निम्म्यावर येते. पुढे एखाद्या थंड सकाळी ती ‘अचानक’ दगा देते.

उपाय सोपा आहे. आठवड्याची तूट अर्ध्या अॅम्पिअर-तासाच्या आसपास. रविवारी टिटवाळ्यापर्यंत जाऊन आले, तासभर बऱ्या वेगाने गाडी चालली आणि बॅटरीला १ अॅम्पिअर मिळाला तर ती भरून निघते. ते जमत नसेल तर महिन्यातून एकदा चार्जर लावावा. अशा गाडीला नवी बॅटरी घालणे म्हणजे वापर जास्त म्हणून टाकी बदलणे.

चुकीच्या निदानाची किंमत

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. हजार-दोन हजारांत नवी बॅटरी मिळते. पण किंमत तेवढीच नाही. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असतो आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. त्याची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. आपल्या देशात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, ही मोठी गोष्ट होती. पण २०२० च्या जुलैत युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालाने दाखवले की जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे जवळपास दर तिसऱ्या मुलाच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी वाटावी इतके आहे. त्याच्या प्रमुख कारणांत जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे हे एक आहे.

जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी आणि ती नोंदणीकृत कारखान्यातच जावी, यासाठी २००१ साली नियम झाले. २०२२ साली त्यांच्या जागी नवे नियम आले. तरीही भंगारात गेलेली प्रत्येक बॅटरी योग्य ठिकाणी पोहोचतेच असे नाही. जी बॅटरी आणखी दोन वर्षे चालली असती, ती केवळ निदान चुकल्यामुळे भंगारात जाते तेव्हा दीडेक किलो शिसे अकारण या वाटेला लागते. आम्हांला या प्रश्नात एवढे स्वारस्य वाटते ते याचसाठी.

शिक्षकांसाठी शेवटी दोन शब्द. ही चार मापने नववी-दहावीच्या मुलांना शाळेच्या आवारात एखाद्या शिक्षकाच्या गाडीवर करता येतात. बॅटरी उघडू नये, आम्लाला हात लावू नये, चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो म्हणून जवळ ठिणगी पडू देऊ नये. वायर सोडवताना आधी ऋण टोक सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. मुलांना आधी उत्तर सांगू नये. ‘टाकी रिकामी आहे, कारण शोधा’ एवढेच सांगावे आणि आपल्या घरच्या गाडीच्या रोजच्या फेरीचा जमाखर्च मांडायला लावावा. कोणाच्या गाडीची तूट सर्वांत मोठी, आणि ती भरायला रविवारी किती किलोमीटर जावे लागेल? हे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ते मुलांना स्वतःच काढावे लागेल.